जिथे आपला शब्द चालतो तिथे

कापूस वेचून झाला की संध्याकाळी वावरातच काटा लागतो. दिवसभर वाकून वेचलेल्या कापसाची गाठोडी घेऊन बाया ओळीने उभ्या राहतात. काटा मालक वाचतो, वहीत आकडा मालक लिहितो आणि पैसे कोणत्या दिवशी द्यायचे तेही मालकच ठरवतो. कारंजा तालुक्यातल्या कामरगावच्या शिवारात आणि अवघ्या वऱ्हाडात हंगामभर हे चालते. मालक ख्रिस्ती असेल, तर त्याचा विश्वास त्या बायांना तिथे कळतो. तो कोणत्या मंडळीत जातो, किती वेळ प्रार्थना करतो, हे त्यांना माहीत नसते. काटा खरा वाचला का आणि पैसे बाजाराच्या आधी हातात पडले का, हे मात्र पक्के ठाऊक असते.

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात शंभर माणसांत जेमतेम एक ख्रिस्ती आहे. आपल्याकडच्या खेड्यांत तर ख्रिस्ती घर असलेच तर एखाद-दुसरे. गावातल्या बहुतेकांनी बायबल उघडलेले नसते, पण त्या घराचे वागणे रोज पाहिलेले असते. म्हणून हा लेख प्रेमाच्या भावनेविषयी लिहिलेला नाही. घरात आणि कामावर प्रेम कसे करायचे, नेमके काय करायचे आणि काय थांबवायचे, एवढेच यात सांगायचे आहे.

त्यासाठी एक कसोटी पुरेशी आहे. साहेबाशी नम्रपणे बोलणे, पाहुण्यांची सरबराई करणे, मित्राच्या हाकेला धावणे हे सगळ्यांनाच जमते. ख्रिस्ती प्रेमाची पारख होते ती ज्या माणसावर आपला शब्द चालतो त्याच्यापाशी: बायको, सून, बहीण, लहान मूल, म्हातारी आई, सालगडी, मजूर, हाताखालचा कर्मचारी. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात येशू गुरू असूनही शिष्यांचे पाय धुतो, ते याच अर्थाने. आपल्या हाती सगळा अधिकार आहे हे त्याला ठाऊक होते, आणि तो अधिकार त्याने तसा वापरला.

प्रेमावरचा पौलाचा प्रसिद्ध अध्याय, करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला 13 वा, आपण लग्नात वाचतो. पण तो ज्या मंडळीला लिहिला गेला ती भांडणारी होती. त्याच पत्राच्या 11 व्या अध्यायात पौल रागावून लिहितो, की एकत्र जेवायला जमल्यावर काहीजण आधीच खाऊन पोट भरतात आणि गरीब भाऊ उपाशी राहतो. प्रेमाचा तो अध्याय असा जेवणाच्या पंगतीतल्या अन्यायावर लिहिलेल्या पत्रात आहे. तो वाचताना हे लक्षात ठेवले, तर तो आपल्या घरातल्या पंगतीलाही लागू होतो: सगळ्यांचे झाल्यावर उरलेले कोण खाते, हे प्रत्येकाने एकदा पाहावे.

घरात: आधी सांगा, मग ठरवा

मराठी ख्रिस्ती समाजात घरच्या प्रेमाची सगळ्यांत ओळखीची कहाणी टिळक दांपत्याची आहे, आणि ती सोपी नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर त्या निर्णयाने आभाळ कोसळले. नवराबायको काही वर्षे वेगळे राहिले. पुढे त्या परत आल्या तेव्हाही त्यांचे सोवळेओवळे सुटलेले नव्हते. नवऱ्याच्या घरात राहून आपले आचार त्या पाळत होत्या, आणि टिळकांनी ते पाळू दिले. जातपात माणसाने केलेली आहे हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने पटले आणि 1900 साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. टिळक तापट होते, घरातले काही न विचारता कोणालाही देऊन टाकत, हेही लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. टिळक 1919 साली गेले, आणि त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, घर हलवून टाकणारा निर्णय घरच्यांना अंधारात ठेवून घेतला तर जखम होते, मग निर्णय कितीही चांगला असो. वावर विकणे, कर्ज काढणे, नोकरी सोडणे, मुलीचे स्थळ ठरवणे, दशांश किंवा देणगी किती द्यायची हे ठरवणे, यांतले काहीही बायकोला शेवटी कळता कामा नये. महिन्यातून एक संध्याकाळ दोघांनी वही घेऊन बसावे: आलेले पैसे, गेलेले पैसे, देणे किती, पुढे काय. दुसरी, ज्याच्या मनाला अजून पटलेले नाही त्याला वेळ द्यावा. आपण वरच्या जागी असलो की घाई करावीशी वाटते, कारण घाईचा त्रास समोरच्याला होतो.

सुनेच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. नवीन घरात आलेल्या मुलीला बोलायला जागा नसते. सासूसासऱ्यांनी तीन गोष्टी ठरवून कराव्यात. तिच्या माहेराविषयी टोमणा मारायचा नाही. तिची चूक चारचौघांत किंवा नातेवाइकांच्या फोनवर काढायची नाही. तिच्या हातात थोडा पैसा हिशेब न मागता राहू द्यायचा. सुनेनेही म्हाताऱ्या सासूला औषध आणि जेवण वेळेवर द्यावे, कारण काही वर्षांनी त्या घरात शब्द सुनेचा चालू लागतो आणि पारख तिची होते.

वाटणी: बहिणीचा हिस्सा

वऱ्हाडात भाऊ-भाऊ वेगळे होतात ते बहुधा धुऱ्यावरून, आणि बहीण दुरावते ती हक्कसोडाच्या कागदावरून. भाऊबीजेला साडी घ्यायची आणि तलाठ्याकडे सही घ्यायची, असे आपल्याकडे सर्रास होते. ख्रिस्ती कुटुंबांनी आपला कायदा माहीत करून घ्यावा. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेची वाटणी 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे होते. त्यात विधवेला एक तृतीयांश मिळतो आणि उरलेले मुलगे आणि मुली यांच्यात सारखे वाटले जाते. समजा नऊ एकर आहे, मागे आई, दोन भाऊ आणि एक बहीण आहे. आईचे तीन एकर, उरलेल्या सहा एकरांतून प्रत्येक भावाचे दोन आणि बहिणीचेही दोनच.

बहिणीला हिस्सा खरोखर नको असेल तर तो सोडायला ती मोकळी आहे. पण तिला तिचा हिस्सा किती ते आकड्यात सांगा, विचार करायला सवड द्या, तिच्या नवऱ्यासमोर किंवा सगळ्या नातेवाइकांत विचारून कोंडीत पकडू नका. ‘तुला काय कमी आहे’ हे वाक्य अशा वेळी तोंडातून काढू नये. आईचा एक तृतीयांश तर तिच्या नावावर राहूच द्यावा. स्वतःचे वावर नावावर असलेल्या म्हातारीला घरात कसे वागवले जाते आणि नसलेल्या म्हातारीला कसे, हे आपण सगळे पाहतो.

वडीलधाऱ्यांनी हयातीतच मृत्युपत्र करून ठेवावे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. मुलांवरचे प्रेम असे कागदावर उतरले, तर आपल्या मागे त्यांच्यात कोर्टकचेरी होत नाही.

गप्प बसणारा कर्ता

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे 2006 साली केंद्र सरकारने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत अकोला, अमरावती, बुलडाणा, यवतमाळ आणि वर्धा यांच्यासोबत वाशिमही होता. कर्ज, पडलेला भाव आणि नापिकी ही कारणे घराबाहेरची आहेत, पण त्यांचे ओझे एकटा माणूस वाहतो आणि घरात सांगत नाही, हे घराच्या हातातले आहे. कर्त्या पुरुषाने कमीपणा न मानता बायकोला आणि मोठ्या मुलांना देण्याचा खरा आकडा सांगावा. घरच्यांनी तो आकडा ऐकून हिणवू नये.

नेहमी बोलणारा माणूस अबोल झाला, जेवण तुटले, झोप गेली, आपल्यामागे घराचे कसे होईल असे बोलू लागला, तर त्याला एकटे ठेवू नका. त्याच्या शेजारी बसा आणि जीव नकोसा वाटतो का, असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट मन मोकळे होते. सरकारच्या टेली मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. प्रार्थना करा, दवाखान्यातही न्या. या दोन्हींत भांडण नाही.

सहन करणे कुठे संपते

‘प्रेम सर्व काही सहन करते’ असे सांगून मार खाणाऱ्या बाईला परत नवऱ्याकडे पाठवणारे आप्त आणि पाळक आजही भेटतात. हा शास्त्राचा गैरवापर आहे. पौलाच्या त्याच अध्यायात प्रेम अनीतीत आनंद मानत नाही हेही सांगितले आहे. घरात मारहाण होत असेल तर आधी बाई आणि मुले सुरक्षित जागी गेली पाहिजेत, समेटाचे बोलणे त्यानंतर. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला त्याच घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश आणि पोटगी मागता येते. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या वेळी 112 हे क्रमांक प्रत्येक मंडळीच्या फलकावर लिहून ठेवण्याजोगे आहेत. मारणाऱ्या नवऱ्यावर प्रेम करायचे असेल, तर त्याचे मारणे थांबवणे हे त्यातले पहिले काम.

घरात एकटेच विश्वासी असाल तर

आपल्याकडे अनेक घरांत एकच जण ख्रिस्ताला मानतो आणि बाकीचे आपापल्या रीतीने पूजा करतात. कामरगाव ज्या तालुक्यात आहे तो कारंजा तर नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. घरोघरी दत्ताची भक्ती. अशा घरात तुमचा विश्वास वादाने कोणाला पटणार नाही. आईच्या देवघराची टिंगल करू नका. ज्यात मनाने सहभागी होता येत नाही ते शांतपणे आणि आधीच सांगा, ऐन सणाच्या सकाळी सांगून घर दुखवू नका. आणि ज्यात सहभागी होता येते त्यात पुढे व्हा: पाहुण्यांची सोय, भांडी, बाजार, आजाऱ्याची रात्रपाळी. उपासनेला जाण्यासाठी घरातली आपली कामे दुसऱ्यावर टाकली, तर घरच्यांना उपासनेचा राग येतो, आणि तो रास्तच असतो.

वावरात: वेळेवर, सारखे आणि सुरक्षित

मजुराची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असे याकोब आपल्या पत्राच्या 5 व्या अध्यायात लिहितो. जुन्या करारातला नियम तर आणखी नेमका आहे: गरीब मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्यावेत, कारण त्याचा जीव त्यावर टांगलेला असतो. आपल्याकडे सोयाबीन विकले की देतो, कापसाचा चुकारा आला की देतो, असे म्हणायची सवय आहे. सोंगणीला माणसे बोलावण्याआधी मजुरीचे पैसे बाजूला काढून ठेवा. रोज देणे जमत नसेल तर आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, न मागता द्या. मजुराला आपलेच पैसे मागायला दारात उभे राहावे लागले की त्याचा मान जातो.

वेचणीचा काटा बायांना दिसेल असा टांगा आणि आकडा मोठ्याने वाचा. ओल किंवा कचऱ्यापोटी वजन कापायचे असेल तर किती कापणार ते सकाळीच सांगा. एकाच कामाला बाईला कमी आणि पुरुषाला जास्त मजुरी देण्याविरुद्ध 1976 सालीच कायदा झाला, तरी गावोगावचा रिवाज बदललेला नाही. ख्रिस्ती कास्तकाराने आपल्या वावरापुरता तो बदलावा. शेजारचे कुरकुरतील, दोन हंगामांत चांगले मजूर तुमच्याकडे टिकतील.

पाण्याचा माठ आणि चहाचे कप एकच असू द्या. लक्ष्मीबाईंना ज्या भेदातून बाहेर यायला वर्षे लागली, तो भेद अनेक वावरांत वेगळ्या ग्लासाच्या रूपाने अजून उभा आहे, आणि कधीकधी ख्रिस्ती माणसाच्या वावरातही.

फवारणीकडे खास लक्ष द्या. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, एकात एक मिसळलेली औषधे आणि उघडे नाक-तोंड हे त्या वेळी पुन्हा पुन्हा दिसले. आपल्या घरच्या मुलाला ज्या तयारीशिवाय पंप पाठीवर घेऊ देणार नाही, त्या तयारीशिवाय मजुरालाही देऊ नका. हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. उपाशीपोटी फवारणी नको, उन्हाच्या कडाक्यात आणि वाऱ्याच्या उलट नको. काम झाल्यावर साबण आणि पाणी तुम्ही द्या. चक्कर, मळमळ किंवा अंधारी आली तर औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखान्यात न्या आणि तिथला खर्च तुम्ही करा.

पाडव्याला सालगड्याचे साल ठरते तेव्हा आजारपणाचे दिवस, सुट्ट्या आणि उचल कशी फिटणार हे बोलून दोघांकडे लिहून ठेवा. उचलीच्या जोरावर माणूस बांधून ठेवणे हे प्रेमाच्या थेट विरुद्ध आहे.

नोकरीत आणि दुकानात

वरिष्ठाने हाताखालच्यांवर प्रेम कसे करावे, याचे मोठे उदाहरण आपल्याच वाशिम जिल्ह्यात आहे. डॉ. ऑर्फा स्पायकर ही नाझरीन मिशनची तरुण डॉक्टर 1936 साली भारतात आली. 1938 साली वाशिमला, तेव्हाच्या बासिमला, रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले आणि सुमारे चार दशके तिने तिथे काम केले. तिथे परिचारिकाही तयार झाल्या, म्हणजे डॉक्टरच्या हातातले ज्ञान हाताखालच्या मुलींच्या हातात गेले. पंडिता रमाबाईंनी हेच आणखी मोठ्या प्रमाणावर केले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी निराधार मुली आणि स्त्रिया आणल्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना नुसते पोसले नाही, विणकाम, शेती, छपाई अशी कामे शिकवली. रमाबाई 1922 साली गेल्या आणि त्यांनी भाषांतर केलेले मराठी बायबल 1924 साली निघाले ते मुक्तीच्याच छापखान्यातून.

वरिष्ठाच्या प्रेमाचा हा चांगला नमुना आहे: आपल्याला येते ते शिकवणे. कार्यालयात नव्या लिपिकाला संगणकावरचे काम, कृषी केंद्रातल्या पोराला औषधांची माहिती, गॅरेजमधल्या मुलाला इंजिन शिकवा. तो उद्या आपल्यापुढे जाईल या भीतीने हातचे राखू नका. चूक काढायची तर दार लावून, कौतुक करायचे तर सर्वांसमोर. हाताखालच्याच्या कामाचे श्रेय त्याच्या नावाने वर कळवा. कामाच्या वेळेनंतर मोबाइलवर हुकूम पाठवू नका. आणि स्त्री कर्मचाऱ्याने छळाची तक्रार केली, तर सांभाळून घे असा सल्ला न देता 2013 च्या कायद्याप्रमाणे तिची तक्रार समितीकडे पोहोचवा. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अशी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, त्याहून लहान जागांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

तुम्ही नोकर असाल तर तुमचाही एक वाटा आहे: पगार घेतलेल्या वेळेचे पूर्ण काम, साहेबाच्या पाठीमागे निंदा नाही, आणि टेबलाखालून पैसा नाही. तहसीलच्या खिडकीशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यावर तुमच्यासारख्या लहान कर्मचाऱ्याचाही शब्द चालतो. त्याला तीन खेपा घालायला लावू नका.

दुकानदार असाल तर उधारीचे व्याज आणि भाव आधी सांगा. अडलेल्याला उधारीवर माल देऊन, त्या बदल्यात त्याचे सोयाबीन कमी भावाने ओढून घेणे बंद करा.

बिनसले तर

मत्तयाच्या 18 व्या अध्यायात येशूने भांडण मिटवण्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी एकट्याने त्याच्याकडे जाऊन त्याचा दोष सांगायचा. ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत न्यायचे. तरीही नाही तर मंडळीपुढे. आपण बहुधा उलट जातो: आधी गावभर, मग व्हॉट्सअॅपवर, आणि ज्याच्याशी भांडण त्याला सर्वांत शेवटी कळते. पुढच्या भांडणात पहिली पायरी पाळून पाहा. जाताना जुनी यादी नेऊ नका, एकच गोष्ट बोला आणि त्याचे पूर्ण ऐकून घ्या. धुऱ्याचा वाद असेल तर सरकारी मोजणी आणा, तिचा खर्च दोघांनी वाटून घ्या आणि निघालेली रेघ माना. इफिसकरांच्या पत्रात राग सूर्यास्ताच्या पुढे नेऊ नये असे सांगितले आहे. नवराबायकोने तरी हा नियम रोज पाळावा.

ज्याचा शब्द चालतो त्याने आधी माफी मागावी. बापाने मुलाची, मालकाने गड्याची, सासूने सुनेची. ‘माझं चुकलं’ एवढेच म्हणावे, त्याला ‘पण’ जोडू नये, आणि नुकसान झाले असेल ते भरून द्यावे.

मदतीला अट नको

शेवटची गोष्ट ख्रिस्ती माणसाने विशेष सांभाळावी. मजुराच्या मुलाची फी भरली, शेजाऱ्याला रात्री दवाखान्यात नेले, तर त्याबद्दल त्याने उपासनेला यावे अशी अपेक्षा मनात ठेवू नका. लूकच्या 10 व्या अध्यायातला शोमरोनी माणूस जखमी प्रवाशाला उचलतो, उतारशाळेचे पैसे भरतो आणि त्याला काही न विचारता पुढच्या वाटेला लागतो. मोबदल्याची वाट पाहणाऱ्या मदतीत घेणारा मिंधा होतो, आणि मिंध्या माणसाशी प्रेमाचे नाते जुळत नाही. तुमच्या श्रद्धेविषयी कोणी आपणहून विचारले तर जरूर सांगा. नाही विचारले तरी मदत तेवढीच करा.

हे सगळे एकदम होणार नाही, आणि तशी गरजही नाही. आज रात्री वहीच्या एका पानावर, ज्यांच्यावर तुमचा शब्द चालतो अशा माणसांची नावे लिहा. प्रत्येक नावापुढे तुमच्याकडे त्याचे काय अडकले आहे ते लिहा: मजुरी, हिस्सा, माफी, वेळ, शिकवायचे राहिलेले काम. त्यांतले जे पैशाचे आहे ते या आठवड्याच्या बाजाराआधी द्या. माफीची बाकी असेल तर रविवारच्या उपासनेआधी त्या घरी जाऊन या. येशूने मत्तयाच्या 5 व्या अध्यायात सांगितलेला क्रम तोच आहे: आधी भावाशी समेट, मग वेदीवर अर्पण.